नदीपारच्या नवरीचं पाचवं रीळ

१

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास बेथूएल विद्यापीठाच्या तळघरात डॉ. कॅमिल रेनी यांनी पाचवा डबा उघडला आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला. आमच्या टॅलो बेंड गावात तो शब्द त्याआधी फक्त खेचरांना उद्देशून वापरला गेला होता. वरच्या मजल्यावर बायबलचा तास चालू होता. मास्तरांनी म्हणे पुस्तक मिटलं आणि वर्ग सोडून दिला.

डब्यात रीळ होतं, पण भलतंच.

डब्यावर लिहिलं होतं, ‘नदीपारची नवरी, १९३९. रीळ पाचवं आणि शेवटचं.’ आत निघाली १९७१ सालच्या माजी विद्यार्थी मेळाव्याची मिरवणूक. ढोल, बाजा, काठ्या फिरवणाऱ्या मुली, आणि उघड्या मोटारीतून हात हलवणारे त्या वेळचे कुलगुरू, ज्यांचं नाव त्यांच्या बायकोलाही आता आठवत नसेल.

‘नदीपारची नवरी’ हा आमच्या गावचा सिनेमा. गोऱ्यांच्या थिएटरात आपल्या काळ्या माणसांना मागच्या लोखंडी जिन्याने चढून माळ्यावरच्या बाकांवर बसावं लागे, त्या काळात एझ्रा ट्रिबल नावाच्या न्हाव्याने दुकान विकून तो काढला. वकील काळा, डॉक्टर काळा, नवरानवरी काळी, आणि खलनायकसुद्धा आपलाच, कारण इतकं चांगलं काम परक्याला देणं एझ्राला पटेना. जगात त्याची एकच प्रत उरली होती. शाळा-चर्चमधून दाखवायला काढलेली, छोट्या फितीची, पाच डब्यांत मावणारी. एकुलती एक म्हणून विद्यापीठाने ती आजवर मशीनवर चढवलीच नव्हती. पण दर फेब्रुवारीत आपल्या लोकांचे जुने सिनेमे दाखवायची तिथली रीत, आणि यंदा सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता दाखवायचीच. शनिवारी दुपारी दोन वाजता. तीन चर्चच्या बसगाड्या भरल्या होत्या.

डॉ. रेनींनी पोलिसांना फोन केला नाही. त्यांनी मिस ओझेला पिकेटला केला.

२

ओझेला चौऱ्याहत्तर वर्षांची. चाळीस वर्षं त्या तळघरातल्या फितींच्या संग्रहाची राखणदार होती आणि निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर गावातल्या इतर बायका गोधड्या शिवतात, ही हरवलेल्या वस्तू शोधायची. बिशपसाहेबांची कवळी चर्चच्या ऑर्गनमध्ये सापडली ती हिलाच. ती तिथे कशी गेली हेही हिने शोधलं होतं, पण ते सांगायचं नाही एवढी माणुसकी तिच्यात होती. शनिवारी सिनेमाआधी या संग्रहाला तिचं नाव द्यायचं घाटत होतं. पितळी पाटी तयार होती. ओझेला ती दोनदा बघून आली होती, दोन्ही वेळा “इथून सहज चालले होते” असं म्हणत.

“रडू नका, डॉक्टर.”

“रडत नाहीये हो, सर्दी झालीय,” रेनी नाक पुसत म्हणाल्या. शिकागोची बाई, संग्रह सांभाळायला दोन वर्षांपूर्वी आलेली, इथला हिवाळा तो काय म्हणून मोजे न घालता फिरणारी. “मंगळवारी माझ्याकडे रॉस्को ट्रिबल आले होते. एझ्रांचे नातू. सिनेमा उत्तरेतल्या मोठ्या संग्रहालयाला द्या म्हणून भांडून गेले. मला तर त्यांचाच संशय येतो.”

ओझेला फडताळाशी वाकली. ती जागा बघत होती. पाचवा डबा फडताळाच्या टोकाला, गरम पाण्याच्या पाइपला टेकून ठेवलेला असे. तिने पाइपला बोट लावलं आणि चटकन काढून घेतलं. मग रिकामा डबा नाकाशी नेला. आंबट वास. मिरवणुकीचं रीळ हुंगलं. त्याला काहीच वास नव्हता.

चाळीस वर्षं फिती सांभाळलेल्या बाईला त्या वासाचा अर्थ कळायला अर्धा क्षण पुरे होता. पण नाकाने सांगितलेलं मनाने ऐकून घेतलं नाही.

“रॉस्को,” ती म्हणाली. “तो जेवणावर मिरच्यांचं व्हिनेगर ओततो. बाटली खिशातच असते त्याच्या.”

तेवढ्यात तिचं लक्ष मिरवणुकीच्या फितीच्या टोकाकडे गेलं. टोक कागदी पट्टीने चिकटवलेलं, आणि पट्टीची कड जराशी आत दुमडलेली, पुढच्याला नखाने उचलता यावी म्हणून. पट्टी कोरी पांढरी होती. वर्षभराची असती तरी पिवळी पडली असती.

“ही दुमड तुमची?”

“छे, आम्हाला शिकागोत पट्टी लावायचीच मनाई होती.” रेनींनी वरच्या कचेरीतल्या खणातून आणलेलं तपासणीचं कार्ड पुढे केलं. प्रत्येक डब्याचं एक कार्ड. वर्षातून एकदा डबा उघडायचा, तारीख घालायची, फितीची अवस्था लिहायची, सही करायची. ओझेलाने त्यावर स्वतःच्या सह्यांची रांग बघितली, मनातल्या मनात सुखावली आणि कार्ड बाजूला ठेवलं.

“तळघराच्या किल्ल्या किती?”

“तीन. एक माझी. एक थॅडियसची, सिनेमे दाखवणाऱ्याची.” रेनींनी तिसरं बोट ओझेलाकडे वळवलं. “आणि एक तुम्ही निवृत्त होताना परत न केलेली.”

३

रॉस्को ट्रिबल गावातल्या अंत्यविधींचं दुकान चालवायचा. ओझेला पोचली तेव्हा तो मागच्या खोलीत, दोन कोऱ्या शवपेट्यांच्या मधे टेबल मांडून पालेभाजी आणि मक्याची भाकर खात होता. व्हिनेगरची बाटली समोरच होती.

“या, मिस ओझेला. पसंत करायला आलात की जेवायला?”

“रीळ कुठाय, रॉस्को?”

सगळं ऐकून रॉस्को इतका हसला की भाजी नाकात गेली. “मला चोरायचंच असतं तर पाचही नेली असती. शेवटाशिवाय सिनेमा म्हणजे प्रेताशिवाय पेटी! मी काय करू त्याचं?”

“तू मंगळवारी गेला होतास.”

“कचेरीत गेलो होतो. तळघराला बावीस पायऱ्या आणि मला दमा. विद्यापीठात शिकत होतो तेव्हा तुम्हीच मला वर बसवून ठेवायचात, आठवतं?” मग त्याने काटा खाली ठेवला. “एक सांगू का? राग मानू नका. आजोबांनी त्या सिनेमापायी दुकान विकलं, घर घालवलं. मला तो विकायचा नाही, मिरवायचा नाही. तिकडे थंड खोल्या आहेत. बर्फासारख्या. इकडे तुमच्या तळघरात पाइप आहेत. मी एवढंच म्हणत होतो, आणि मला सगळ्यांनी चोर ठरवलं.”

ओझेलाला एक चटका बसला, पण तिने तो मनावर घेतला नाही. “चार रिळं रेनीबाईंनी गेल्या महिन्यात तपासली. ठणठणीत आहेत.”

“आणि पाचवं?”

“पाचवं चोरीला गेलंय ना!” असं म्हणून ती उठली. दारातून बाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आलं की तिने प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं.

४

मदर लुवेनिया टॉलिव्हर, चर्चमध्ये वयाच्या मानाने सगळे त्यांना मदरच म्हणत, नव्वद वर्षांच्या होत्या आणि आरशासमोर टोपी घालून बसल्या होत्या. टोपी जांभळी. तिच्यावरची पिसं ज्या पक्ष्याची होती तो पक्षी गावात येऊन गेला असता तर लोकांनी गोळी झाडली असती.

“डेट्रॉइटहून मागवली,” त्या म्हणाल्या. “मागे बसणाऱ्याला पडदा दिसणार नाही. नाही दिसला तर नाही. पुढे बसायचं तर आधी यायचं. केक घे.”

ओझेलाने केक घेतला. चोरीचं कसं सांगावं ते सुचेना.

“मदर, तुम्ही सिनेमात होतात ते कधी पाहिलंतच नाही?”

“कुठलं पाहते! सिनेमा लागला आणि आईने माझी पेटी ओसरीवर आणून ठेवली. पडद्यावर तोंड दाखवणारीला या घरात जागा नाही म्हणाली. त्याच आठवड्यात बसमध्ये बसले ती थेट उत्तरेला. साठ वर्षं मोटारींच्या कारखान्यातल्या लोकांची पोटं भरली. परत आले तर कळलं, सिनेमा आहे म्हणे. ओझेला पिकेटने सांभाळलाय म्हणे.” म्हातारीने तिचा हात धरला. “एझ्रा मला म्हणाला होता, ‘लुवेनिया, तुझ्यासाठी शेवट राखून ठेवलाय.’ शेवटच्याच रिळात आहे मी. माझा त्या वयातला एक फोटो नाही गं कुणाकडे. घराला आग लागली त्यात सगळं गेलं. एकोणीस वर्षांची लुवेनिया तेवढी तुझ्या डब्यात आहे.”

ओझेलाने केकची बशी खाली ठेवली.

“नीट आहे ना गं ती?”

५

थॅडियस मोझली सत्तरीचा. ओझेलाबरोबर चाळीस वर्षं काढलेला माणूस. तिने फिती सांभाळल्या, त्याने त्या पडद्यावर दाखवल्या, आणि रोज दुपारी एकमेकांच्या जेवणाच्या डब्याला नावं ठेवली. सभागृहाच्या मागच्या कोठडीत तो मशीनला तेल देत होता.

“तुझी पट्टी बघितली,” ओझेला म्हणाली. “कड दुमडलेली. जगात दोनच माणसं अशी दुमडतात. एक मी, आणि दुसऱ्याला मी शिकवलंय.”

थॅडियसने तेलाची बुधली खाली ठेवली नाही. “ओझेला, सोड ना.”

“सोडू? परवा तीन बसगाड्या येतायत!”

“येऊ देत. चार रिळं लावतो. मग सांगतो, पाचवं मशीनने खाल्लं. थॅडियस म्हातारा झालाय, हात थरथरतात, घात केला त्याने. लोक चार दिवस शिव्या देतील, पाचव्या दिवशी जेवायला बोलावतील.”

“तुझ्या मशीनने चाळीस वर्षांत एक वीत फीत खाल्ली नाही.”

“मग एकदा खायचा हक्क आहे की तिला.”

ती तरातरा बाहेर पडली. दाराशीच थॅडियसची जुनी मोटार उभी होती. सावलीतल्या गवतावर दव अजूनही गोठून पांढरं होतं, आणि मोटारीच्या चारही काचा खाली! जून महिन्यात दोन स्वेटर घालणारा हा माणूस. जाता जाता डिकीजवळून तोच वास आला, आंबट, डोळ्यांना झोंबणारा.

या वेळी ओझेलाला व्हिनेगरची बाटली आठवली नाही.

ती परत कचेरीत गेली आणि कार्ड उचललं. नुसती रांग बघितली नाही, वाचलं. १९९२, उत्तम, ओ. पी. १९९३, उत्तम, ओ. पी. असं २००२ पर्यंत. अकरा ओळी. सगळ्यांची शाई तीच, अक्षराचं तिरपं वळण तेच, अकरा वर्षांत पेनसुद्धा बदललं नव्हतं.

“काय झालं?” रेनींनी विचारलं. “बसा ना. तुमच्या कार्डांचा मला इतका आधार झाला, सांगू? आल्यावर मी आधी वाईट शेऱ्यांचे डबे हाती घेतले. याच्यावर तर उत्तमच उत्तम. म्हणून हा सगळ्यात शेवटी ठेवला.”

ओझेलाने कार्ड खाली ठेवलं आणि परत थॅडियसच्या मोटारीकडे निघाली.

६

थॅडियस मोटारीला टेकून तिची वाटच बघत होता.

“डिकी उघड,” ती म्हणाली. “नाही, थांब. आधी मला बोलू दे. डब्याला वास, पण मिरवणुकीच्या फितीला नाही. म्हणजे वास आधीच्या रिळाचा. असा वास सडलेल्या फितीलाच येतो, हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं, थॅडियस. मी रॉस्कोच्या जेवणावर ढकललं. डबा पाइपला टेकलेला, म्हणून बाकीची चार वाचली आणि हे शिजलं. एका दिवसात नाही शिजत. वीस वर्षं लागतात. आणि त्यातली अकरा वर्षं मी उत्तम लिहिलंय.”

“गुडघे दुखायचे तुझे.”

“कार्डं वरच्या खणात. डबे बावीस पायऱ्या खाली. पहिल्या वर्षी वाटलं, उद्या उतरू. मग समिती यायची होती तपासणीला, तेव्हा एका दुपारी बसले आणि मागची सगळी कार्डं एका पेनाने भरून टाकली. चहा पीत. पुढची वर्षंही तशीच, त्याच खुर्चीत, त्याच पेनाने.” तिचा आवाज उतरला. “चोरी झालीच नाही रे. चोर शोधायला त्यांनी मलाच बोलावलं.”

थॅडियसने डिकी उघडली. जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं रीळ बाहेर काढलं. फितीच्या कडा लाटांसारख्या वळल्या होत्या, थर एकमेकांना चिकटून दगड झाला होता, आणि वर पांढरी पूड. ओझेलाने बोट लावलं तर कोपराच तुटून हातात आला.

“मंगळवारी जुळवाजुळव करायला उघडलं,” तो म्हणाला. “शनिवारी तुझी पाटी. डबा हलका लागू नये म्हणून मिरवणूक घातली. रेनीबाई आधी उघडून बघतील असं वाटलं नव्हतं.”

“आणि तू का घेणार होतास अंगावर?”

“माझं नाव कुठल्या पाटीवर येणार होतं, ओझेला? माझं काय जाणार होतं?”

हे त्याने इतक्या सहज विचारलं की तिला त्याच्याकडे बघवेना. चाळीस वर्षं तिच्या बरोबरीने काम केलेला माणूस, आणि पाटीवर दुसरं नाव घालावं हे तिला एकदाही सुचलं नव्हतं.

आता सांगायलाही लाज वाटते, पण झालं ते झालं. ओझेला पिकेटने डिकी खाली ओढून बंद केली, आणि पूर्ण एक मिनिट तिथे उभी राहून तिने विचार केला की थॅडियस म्हणतो तसंच होऊ द्यावं.

७

शनिवारी सभागृह दाराबाहेरपर्यंत भरलं होतं. जांभळी टोपी पहिल्या रांगेत होती. तिच्यामागच्या तीन रांगा माना वाकड्या करून बसल्या होत्या. पाटीवर कापड होतं. ओझेलाने कुलगुरूंना सांगितलं, कापड सिनेमा संपल्यावर काढा, आणि ते बिचारे हो म्हणाले.

चार रिळं लागली. लोक हसले, खलनायकाला ओरडून शिव्या दिल्या, नवरीच्या आईला मोठमोठ्याने सल्ले दिले. नवरी होडीत पाय ठेवते तिथे चौथं संपलं आणि दिवे लागले.

ओझेला पुढे आली. हातात टॉवेल होता. तिने तो उघडला आणि काय झालं ते सांगितलं, पेनाच्या शाईसकट. थॅडियसने काय केलं आणि का, तेही सांगितलं. रॉस्कोवर आळ घेतला होता तोही भर सभेत परत घेतला.

आमच्या सभागृहात वक्त्याला कधी एकटं सोडत नाहीत. वाक्यागणिक कुणी “हो ना!” म्हणतं, कुणी “सांगा, बाई!” म्हणतं. त्या दुपारी कुणी हूं की चूं केलं नाही. बोलून झालं तरी ती तशीच उभी होती. जमीन दुभंगेल तर बरं असं तिला वाटत होतं, पण खाली तळघर होतं, आणि तिथे जायची तर तिला मुळीच इच्छा नव्हती.

शेवटी रॉस्को उठला. “थंड खोली, मिस ओझेला,” तो हळू म्हणाला. “मी एवढंच मागत होतो.” आणि बसला. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

मग काठीचा आवाज आला. मदर लुवेनिया टोपीसकट मंचावर चढत होत्या.

“शेवट मला ठाऊक आहे,” त्या लोकांकडे वळून म्हणाल्या. “मी होते तिथे.”

डॉ. रेनींनी घाईघाईने कॅमेरा सुरू केला. आणि म्हातारीने शेवट सांगितला. होडी नदीच्या मधोमध बुडायला लागते. नवरदेव वकील घाबरतो. तेव्हा एक मुलगी, म्हणजे लुवेनिया, किनाऱ्यावरून उडी मारते, एका हाताने नवरी आणि दुसऱ्या हाताने वकील ओढून आणते, शिवाय न्यायाधीशासमोर भाषण करते, आणि वकील नवरीला सोडून तिलाच मागणी घालतो. ती नाही म्हणते. लोक बाकांवर उभे राहिले. टाळ्यांनी छताचा रंग पडला म्हणतात.

टाळ्या ओसरल्यावर रेनी कॅमेऱ्यामागून म्हणाल्या, “मिस ओझेला, आता हीच आपली नोंद. ते रीळ पाहिलेल्या आता तुम्ही एकट्याच. असंच होतं ना?”

ओझेलाने पाहिलं होतं. १९७४ साली डबे आले त्या दिवशी, दिव्यासमोर फीत धरून, हाताने एकेक चित्र सरकवत. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. हो म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते.

“होडी बुडत नाही,” ती म्हणाली. “लग्नाची पंगत आहे. मदर लुवेनिया अर्धा मिनिट दिसतात. हातात सरबताचा ट्रे. डावीकडून येतात, उजवीकडे जातात.”

सभागृहात कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. म्हातारीने काठी घट्ट धरली. पिसं थरथरली.

“आणि जाताना एकदा थेट कॅमेऱ्याकडे बघतात,” ओझेला पुढे म्हणाली. “तसं बघायचं नसतं. एझ्राने ते कापायला हवं होतं. त्याने ठेवलं.”

म्हातारी लोकांकडे पाठ करून ओझेलाकडे वळली.

“कशी दिसत होते मी?” मदर लुवेनियांनी विचारलं. आवाज वेगळाच होता, सभागृहासाठी नव्हता.

“पांढरा पोशाख. गळ्याशी झालर.”

“केस?”

ओझेलाने डोळे मिटले. “आठवत नाही.”

“हसत होते?”

“ओठ दाबून. हसू आवरत होतात. मग आवरलं नाही, आणि दात दिसले. पुढच्या दोन दातांत फट होती.”

“होती!” म्हातारीने काठी आपटली. तिच्या तोंडात आता डेट्रॉइटच्या दंतवैद्याने बसवलेली सरळ, पांढरी, बिनफटीची ओळ होती. “आईकडची फट! साठ वर्षांत कुणाला सांगितलं नाही मी!”

ती रेनींकडे वळली. “ए पोरी, ते होडीचं खोड. हे लिही. पांढरा पोशाख, झालर, फट. केसांचं ही म्हणते आठवत नाही, तर तेही लिही, आठवत नाही म्हणून.”

मग ती पायऱ्या उतरायला लागली. ओझेलाने आधाराला हात पुढे केला. म्हातारीने त्या हाताकडे बघितलं, मग थॅडियसला हाक मारली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या जागेवर जाऊन बसली.